लक्षण चुकलं, बाई नव्हे

गेल्या दशलक्षणात आमच्या बस्तीत एका विद्वानांचं प्रवचन झालं. विद्वान बाहेरगावचे, वाणी रसाळ, सभागृह बायकांनी भरलेलं. दिवस उत्तम आर्जवाचा, म्हणजे सरळपणाचा. तर ते सरळच म्हणाले, ‘हे डिप्रेशन-बिप्रेशन पूर्वी कुठं होतं? रिकाम्या बायकांचं खूळ आहे हे. आपल्या शास्त्रात याला आर्तध्यान म्हटलंय. दोन वेळा सामायिक करा आणि गोळ्या गटारात टाका.’ बायका हसल्या. काहींनी माना डोलावल्या. माझ्या रांगेतल्या दोघींच्या पर्समध्ये त्या गोळ्या होत्या, हे मला ठाऊक होतं. त्याही हसल्या.

त्यांतल्या एकीनं दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद केली. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. दहा-बारा दिवसांनी तिच्या लेकीचा मला फोन आला. ‘मावशी, आई तीन रात्री झोपलेली नाही. नुसती बसून राहते आणि थरथरते. काय करू?’ जे करायचं ते केलं. डॉक्टरांकडं नेलं, गोळी पुन्हा सुरू झाली, बाई सावरली. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे. त्या दिवशी सभागृहात एका शब्दाचा अर्थ चुकीचा सांगितला गेला, आणि त्याची किंमत सांगणाऱ्यानं नाही, ऐकणारीनं मोजली.

म्हणून हा लेख. तो त्या एका प्रवचनाला उत्तर आहे, आणि आपल्या सगळ्यांच्या जिभेलाही.

‘लक्षण’ हा शब्द आपल्या घरात तीन तोंडांनी येतो. सासू सुनेकडं बघून म्हणते, ‘हिची लक्षणं काही बरी दिसत नाहीत.’ डॉक्टर विचारतात, ‘लक्षणं कधीपासून आहेत?’ आणि पाठशाळेत शिकवतात की चेतना हे जीवाचं लक्षण. पहिलं लक्षण म्हणजे ठपका, दुसरं म्हणजे आजाराची खूण, तिसरं म्हणजे व्याख्या. आपण बायका आयुष्यभर पहिल्यातच अडकतो. दुसरं वेळेवर कुणी विचारत नाही. आणि तिसरं, जे आपल्याच आचार्यांनी इतक्या कसोशीनं शिकवलं, ते पाठशाळेच्या परीक्षेपुरतं पाठ करून विसरून जातो.

अभिनव धर्मभूषण यतींची ‘न्यायदीपिका’ आठवते का? विजयनगरच्या काळातला ग्रंथ. अजूनही पाठशाळांतून शिकवला जातो. त्यात लक्षण म्हणजे काय ते सुरुवातीलाच येतं. अनेक वस्तू एकमेकींत मिसळलेल्या असताना एक वस्तू बाकीच्यांपासून वेगळी ओळखू यावी, ती ज्यानं येते ते लक्षण. आणि लगेच तीन दोष सांगितलेत. गाय म्हणजे ठिपक्यांची, असं म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते. ही अव्याप्ती. गाय म्हणजे पशू, असं म्हटलं तर म्हैसही आत येते. ही अतिव्याप्ती. आणि माणूस म्हणजे शिंगं असलेला, असं म्हटलं तर जे त्याच्यात कधी नसतंच तेच चिकटवलं. हा असंभव. शेकडो वर्षांपूर्वी ही तीन गाळणी आपल्या हातात दिली गेली. पाणी गाळून प्यायला आपण विसरत नाही. शब्द मात्र गाळल्याशिवाय पितो आणि दुसऱ्यांनाही पाजतो.

आता माझ्या अक्काची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेऊन सांगते आहे.

१९८४ साली अक्काला दुसरी मुलगी झाली. बाळंतपणाला माहेरी आली होती. मी तेव्हा अकरावीत. पहिले चार दिवस ती उगाच रडायची. आई म्हणाली, ‘होतं असं, ओली बाळंतीण आहे.’ ते खरंच होतं. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात निम्म्याहून जास्त बायकांना असं रडू येतं, जीव हळवा होतो, आणि साधारण दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप ओसरतं. त्याला औषध लागत नाही. झोप, मदत आणि मायेचं माणूस लागतं.

पण अक्काचं ओसरलं नाही. तिसरा आठवडा गेला, चौथा गेला. बाळ झोपलं तरी ही टक्क जागी. जेवण पुढ्यात तसंच. बाळाला घ्यायची नाही. घेतलंच तर म्हणायची, ‘माझ्या हातून हिचं वाईट होणार.’ घरात एकेकजण निदान करत होता. आत्या म्हणाली, ‘दुसरी पण मुलगीच झाली, म्हणून रुसून बसलीय.’ शेजारची म्हणाली, ‘बाळंतवात आहे, शेक द्या.’ कुणी दृष्ट काढली. कुणी म्हणालं, मागच्या जन्मीचं कर्म उदयाला आलंय, भोगून संपवायचं. गल्लीत मराठीतून ‘खुळी’ आणि कन्नडमधून ‘हुच्ची’, दोन्ही भाषांत बारसं झालं. बाळाचं नाव ठेवायच्या आधी तिच्या आईचं नाव पडलं.

आणि मी? मी पंधरा-सोळा वर्षांची शहाणी. परीक्षेच्या दिवसांत बाळ रडायचं म्हणून चिडून एकदा तिला म्हणाले, ‘किती नाटक करशील?’

सहाव्या आठवड्यात एका रात्री अण्णांनी तिला मळ्यातल्या विहिरीच्या काठावरून परत आणलं. दुसऱ्या दिवशी धारवाडला नेलं. ‘धारवाडला नेलं’ म्हणजे काय, हे आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. तिथल्या डॉक्टरांनी आईला दोन प्रश्न विचारले : ‘कधीपासून?’ आणि ‘आधी कशी होती?’ सहा आठवड्यांत हे दोन प्रश्न आम्हांपैकी एकानंही विचारले नव्हते. औषध सुरू झालं. तीन महिन्यांनी अक्का अंगणात बसून थोरलीची वेणी घालत होती आणि धाकटी तिच्या मांडीवर होती.

आता ती तीन गाळणी लावून बघू या.

पहिला दोष असंभवाचा. माणसाला शिंगं चिकटवण्याचा. ‘रुसली’, ‘नाटक करते’, ‘रिकाम्या डोक्याचं खूळ’ हे सगळं या दोषात मोडतं. अक्का रिकामी नव्हती. सहा आठवडे तिला धड दोन तास झोप नव्हती. आणि रुसणारी बाई कुणावर तरी रुसते. अक्का स्वतःवरच उठली होती.

याच दोषाचा धार्मिक अवतार म्हणजे ‘डिप्रेशन म्हणजे आर्तध्यान’. जे असं म्हणतात त्यांना माझी नम्र विनंती आहे, तत्त्वार्थसूत्राचा नववा अध्याय पुन्हा उघडा. आर्तध्यानाचे चार प्रकार तिथं मोजून दिलेत. नकोसं जवळ आलं, ते कधी जाईल याचा ध्यास. हवंसं दुरावलं, ते कधी मिळेल याचा ध्यास. शरीराच्या वेदनेचा ध्यास. आणि पुढच्या भोगांची अभिलाषा, म्हणजे निदान. चारही ठिकाणी मन कशाला तरी घट्ट धरून आहे. डिप्रेशनच्या आजारात बहुधा उलटं होतं. मनाला काहीच धरवत नाही. आवडीची भाजी, नातवंडं, पूजा, सगळं सारखंच बेचव. आमच्या मंडळातली एक बाई म्हणाली होती, ‘मला दुःखही होत नाही ग, तेच भयंकर आहे.’ याला आर्तध्यान म्हणणं म्हणजे शास्त्रही नीट न वाचणं आणि आजारही नीट न बघणं. एका वाक्यात दोघांवर अन्याय.

‘पण असाता वेदनीय कर्माचा उदय तर आहे ना?’ असं विचारतील. मी कर्मसिद्धांत मानते. पण मग ताप कशाचा उदय आहे? मोडलेला हात कशाचा? तिथं आपण गोळी घेतो, प्लास्टर घालतो, प्रवचनकारांचे गुडघे दुखले तर शहरातला उत्तम डॉक्टर शोधतो. कर्माचा उदय फक्त डोक्याच्याच आजारात औषधाशिवाय भोगायचा, हा नियम कुठल्या ग्रंथात आहे तो मला दाखवा. मला माहीत असलेल्या ग्रंथांत उलट सांगितलंय. उत्तम त्यागाच्या दिवशी चार दानं सांगतात, आहार, औषध, ज्ञान आणि अभय. औषधदान हे दान आहे. ज्यांना ते द्यायचं होत नसेल त्यांनी निदान दुसऱ्याच्या पर्समधलं औषध काढून घेऊ नये. या गोळ्या एकदम बंद केल्या तर चक्कर, झोप उडणं, जीव घाबरा होणं असे त्रास होऊ शकतात आणि मूळ आजारही उलटू शकतो. त्या कमी करायच्या असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीनं. हे व्यासपीठावरून सांगायचं काम नाही.

दुसरा दोष अव्याप्तीचा. ठिपक्यांचीच गाय बघण्याचा. आपल्या डोळ्यांसमोर डिप्रेशनवाली बाई म्हणजे कोपऱ्यात बसून रडणारी. मग जी रडत नाही ती सुटते. जी चाळीस माणसांचा स्वयंपाक करते, हसून वाढते आणि रात्री छताकडं बघत पहाट करते, ती सुटते. जिचं डोकं, पाठ, पोट वर्षानुवर्षं दुखतं आणि सगळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतात, तीही सुटते. आपल्याकडच्या बायका मनाचं दुखणं अनेकदा शरीराच्याच भाषेत सांगतात, कारण शरीराला दुखायची परवानगी आहे, मनाला नाही.

डॉक्टरांच्या पुस्तकातली व्याख्या याहून मोठी आहे आणि नेमकीही आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या पुस्तिकेत नऊ खुणा दिल्या आहेत. मन सतत उदास असणं. कशातच रस किंवा आनंद न वाटणं. भूक किंवा वजन बदलणं. झोप उडणं किंवा फार वाढणं. हालचाल इतरांना जाणवेल इतकी मंदावणं किंवा अस्वस्थ होणं. गळून गेल्यासारखं वाटणं. आपण कुचकामी, दोषी आहोत असं वाटणं. लक्ष न लागणं, निर्णय न होणं. आणि मरणाचे विचार. या नवांपैकी किमान पाच, त्यांत पहिल्या दोनपैकी एक तरी, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे. शिवाय त्यामुळं रोजचं जगणं अडलेलं असावं किंवा जिवाला मोठा क्लेश असावा, आणि ते दुसऱ्या आजारामुळं किंवा औषधामुळं झालेलं नसावं. म्हणूनच चांगला डॉक्टर आधी थायरॉइडची तपासणी करायला सांगतो. बघा, ‘रडणं’ हा शब्द पाचांत असायलाच हवा असं कुठं आहे? मोजणी आहे, मुदत आहे, मर्यादा आहे. पंचांगाइतकी शिस्त आहे.

अव्याप्तीचं दुसरं उदाहरण आपल्या जास्त जवळचं आहे, म्हणून जास्त नाजूक. आमच्या गल्लीत एक काकू होत्या. पाणी गाळण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. सगळे म्हणायचे, ‘धर्म शिकावा तर काकूंकडून.’ मी त्यांच्या शेजारी दोन वर्षं राहिले तेव्हा बघितलं. तीच घागर त्या सातदा गाळायच्या, नऊदा गाळायच्या. एक जीव राहिला असेल, एकच, ही शंका जायची नाही. मग हात धुवायचे. कोपरापर्यंत कातडी सोललेली. सकाळच्या स्वयंपाकाला दुपार व्हायची. एकदा हळूच म्हणाल्या, ‘मला कळतं ग हे जास्त होतंय. पण थांबताच येत नाही.’

याला ओसीडी म्हणतात. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा घुसतो, तो शांत करायला तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते, त्यात दिवसातला तासाहून जास्त वेळ जातो किंवा जगणं अडतं, आणि कृती करूनही समाधान टिकत नाही. मग धर्म आणि आजार यांच्यातली रेघ कुठं? ती धर्मानंच आखून दिलेली आहे. दुहेरी जाड कापडातून पाणी गाळा, गाळण्यातले जीव जिथलं पाणी तिथं परत सोडा, गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, चालतं. झालं. आचाराला आकडा आहे, शेवट आहे. आजाराला आकडा नसतो, त्याला कितीही केलं तरी पुरत नाही. काकूंना आम्ही धर्मात्मा म्हणून नमस्कार करत राहिलो, आणि त्या आतून जळत राहिल्या. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर थोडं थोडं थांबायचं आणि ती कृती करायची नाही, असं शिकवणारे उपचार आहेत, औषधंही आहेत. काकूंपर्यंत ते पोचले नाहीत, कारण आमच्या व्याख्येत आजारी बाई धार्मिक नसते आणि धार्मिक बाई आजारी नसते.

तिसरा दोष अतिव्याप्तीचा. म्हशीला गाय म्हणण्याचा. इथं मी प्रवचनकारांना सोडते आणि आपल्याकडं वळते. आपल्या लेकी-सुनांकडं, आणि माझ्याकडंही. मालिका संपली, ‘मला डिप्रेशन आलं.’ डबे ओळीनं लावते, ‘मला ओसीडी आहे.’ सासू सकाळी गोड आणि संध्याकाळी कडू, ‘बायपोलर आहेत त्या.’ नणंद दोन शब्द बोलली, ‘ट्रॉमा’. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तुम्ही म्हणाल, गंमतीनं म्हणतो हो, त्यात काय? त्यात हे, की उद्या खरंच जिला आजार आहे ती म्हणेल ‘मला डिप्रेशन आहे’, आणि समोरची म्हणेल, ‘मला पण आलं होतं, मी पिक्चरला जाऊन आले, बरं वाटलं.’ नाणं इतकं झिजवलं की गरजेच्या वेळी दुकानदार घेत नाही.

बायपोलर म्हणजे सकाळ-संध्याकाळ बदलणारा स्वभाव नाही. त्यात कित्येक दिवस, कित्येक आठवडे चालणारे काळ असतात. एका काळात झोप न घेताही माणूस उसळत असतं, पैसे उधळतं, आपण काहीही करू शकतो असं वाटतं. दुसऱ्या काळात उठवत नाही. स्किझोफ्रेनिया म्हणजे एकाच देहात दोन व्यक्तिमत्त्वं नव्हेत, सिनेमांनी कितीही दाखवलं तरी. त्यात नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्यावर टपलंय अशी पक्की खात्री वाटते, विचारांची वीण उसवते.

आणि ते डोपामाइन! पर्व जवळ आलं की फोनवर संदेश फिरतो, ‘आपला उपवास म्हणजेच डोपामाइन डिटॉक्स, विज्ञानानं सिद्ध केलं.’ डोपामाइन हे काही साठलेलं विष नाही की उपवासानं धुऊन निघावं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी ज्या रसायनांनी बोलतात त्यांतलं ते एक. अर्विद कार्लसन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीला त्याचं काम दाखवलं आणि त्यासाठी त्यांना २०००चं नोबेल मिळालं. मेंदूच्या एका भागातल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरत गेल्या की पार्किन्सन होतो. हात कापतात, पाय उचलत नाही. आमच्या तात्यांना होता. त्यांना डोपामाइन कमी पडत होतं, त्याच्यापासून सुटका नको होती. त्याला नुसतं ‘आनंदाचं रसायन’ म्हणणंही अपुरं आहे. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी, हे शिकण्यात, हालचालीत, हवंसं वाटण्यात त्याचं काम आहे. उपवास आपण संवरासाठी, निर्जरेसाठी करतो. त्याला प्रयोगशाळेचा दाखला हवा असं ज्यांना वाटतं, त्यांची श्रद्धा माझ्यापेक्षा कमकुवत आहे असं मी म्हणेन.

इथंच एक कामाची गोष्ट सांगते. बायपोलरसाठी लिथियम दिलं जातं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते विषारी होऊ शकतं. आपले उपवास पाण्याशिवायचे असतात. घरात कुणी लिथियमवर असेल तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा. न विचारता उपवास करू नका आणि करवूही नका. डोपामाइनचा खोटा संदेश शंभर जणींना पाठवणाऱ्यांपैकी एकीनं जरी हा खरा संदेश पाठवला तर एखादा जीव वाचेल.

अतिव्याप्तीचा सगळ्यांत क्रूर प्रकार मात्र वेगळा आहे, आणि त्यासाठी अक्काकडं परत यावं लागेल. अक्का १९८४मध्ये बरी झाली. पण ‘धारवाडला जाऊन आलेली’ हा शिक्का गेला नाही. एका आजाराची व्याख्या ताणून ताणून तिच्या सबंध आयुष्यावर घातली. ती रागावली की ‘परत सुरू झालं वाटतं.’ हसली तरी तेच. २००८ साली धाकटीचं लग्न ठरत होतं. तीच धाकटी, जी तेव्हा मांडीवर होती. मुलगा पसंत, पत्रिका बाजूला, बोलणी पक्की. मग कुणीतरी जाऊन सांगितलं, ‘आई खुळी आहे, मुलीतही असणार.’ बोलणी मोडली. सहा आठवड्यांच्या आजाराचा दंड चोवीस वर्षांनी मुलीनं भरला.

मनाच्या काही आजारांचा कल घराण्यातून येऊ शकतो, हे खरं. मधुमेहाचाही येतो. त्यावरून किती स्थळं मोडली? आणि मी लपवा असंही म्हणत नाही. ज्यांनी एकत्र जगायचं त्या दोघांना एकमेकांच्या तब्येतीचं माहीत असावं. पण माहीत असणं वेगळं आणि शिक्का मारणं वेगळं.

कायदासुद्धा हा फरक करतो. हिंदू विवाह कायदा जैनांना लागू आहे. त्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे, आणि स्किझोफ्रेनियाचं नावही त्यात आहे. पण आजार अशा प्रकारचा आणि इतक्या प्रमाणात हवा की सोबत राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये. सर्वोच्च न्यायालयानं १९८८मध्ये स्पष्ट केलं की नुसतं आजाराचं नाव लावून भागत नाही, त्याचं प्रमाण सिद्ध करावं लागतं. पुढं २०१७चा मानसिक आरोग्य कायदा आला. त्यात लिहिलंय की पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून आज कुणाला आजारी ठरवता येणार नाही, आजाराचं निदान झालं म्हणजे माणूस कायद्यानं वेडा ठरत नाही, आणि समाजाच्या चालीरीती किंवा श्रद्धा पाळत नाही म्हणूनही कुणाला मनोरुग्ण म्हणता येणार नाही. मंगळागौरीला न नाचणाऱ्या, दुसऱ्या लग्नाला नाही म्हणणाऱ्या, मालमत्तेत वाटा मागणाऱ्या किती बायकांना ‘डोक्यानं कमी’ ठरवलंय ते आठवा, मग हे कलम किती मोलाचं आहे ते कळेल.

आता कुणी म्हणेल, ‘बाईंनी डॉक्टरांची पुस्तकं जिनवाणीसारखी डोक्यावर घेतली.’ नाही हो. त्या पुस्तकांनी बायकांचं किती नुकसान केलंय हेही मला माहीत आहे. ‘हिस्टेरिया’ या शब्दाचं मूळ ग्रीक भाषेतल्या गर्भाशयात आहे. शतकानुशतकं बाईच्या कुठल्याही न समजलेल्या दुखण्याला हे नाव दिलं. अमेरिकन पुस्तिकेतून ते निदान १९८०मध्ये गेलं. आपल्याकडं अजून काही दवाखान्यांत ते तोंडी जिवंत आहे. ‘मेंदूतलं केमिकल कमी झालंय’ हे डॉक्टरांचं लाडकं वाक्यही तितकंसं खरं नाही. सिरोटोनिन कमी झाल्यानंच डिप्रेशन होतं याला ठोस पुरावा सापडत नाही, असा संशोधनांचा मोठा आढावा २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. गोळ्यांचा उपयोग होतो की नाही हा त्याहून वेगळा प्रश्न आहे. तेव्हा डॉक्टरसाहेब, पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून ‘टेन्शन आहे, घ्या’ म्हणून वाटेला लावणाऱ्या तुम्हांलाही माझा प्रश्न आहे. आजाराचं नाव काय, ते कशावरून ठरवलं, औषध किती दिवस, हे त्या बाईला तिच्या भाषेत कोण सांगणार? तुम्ही सांगत नाही, म्हणून प्रवचनकार सांगतात.

व्याख्या बदलतात, म्हणून त्या खोट्या, असं मात्र नाही. चुकलं की दुरुस्त करतात ही त्यांची जमेची बाजू आहे. ‘खुळी’ या शब्दाची व्याख्या मात्र आजवर कुणी दुरुस्त केलेली नाही.

मैत्रिणींनो, मागण्या फार नाहीत. येत्या पर्वात प्रत्येक महिला मंडळानं एक दुपार एका शब्दाला द्यावी आणि जाणत्या डॉक्टरला बोलवावं. औषधदानाच्या फलकावर जिथं चष्मे, डायलिसिस, हृदय लिहिलंय, तिथं मनाच्या आजाराची औषधंही लिहावीत. गोळ्या टाकून द्या असं व्यासपीठावरून कुणी म्हणालं तर एका तरी बाईनं उभं राहून ‘हे चुकतंय’ म्हणावं. मी त्या दिवशी उठले नाही, याची मला लाज वाटते. आणि मरणाचे विचार कुणी बोलून दाखवले तर त्याला नाटक म्हणू नये. त्या बाईला एकटं सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. आणि बाळंतिणीला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, ती भलतंसलतं बोलू लागली, तर एक रात्रही थांबू नये. हजारात एक-दोघींनाच होतं, पण ती तातडीची वेळ असते.

क्षमावाणीला आपण सगळे सगळ्यांची क्षमा मागतो, कळत-नकळत झालं असेल तर, असं मोघम. यंदा मी मोघम मागितली नाही. अक्काकडं गेले. तिच्या पुढ्यात बसून म्हणाले, ‘चौऱ्याऐंशी साली मी तुला नाटक करतेस म्हणाले होते.’ ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘आठवतंय की. तू एकटीच नव्हतीस.’ मग थोड्या वेळानं म्हणाली, ‘पण नाव घेऊन क्षमा मागायला तूच एकटी आलीस.’